मास्तरांचा खांदा

८ फेब्रुवारी, सकाळ

बाईंना,

घरातून नमस्कार. 'बाई' लिहितोय कारण हल्ली चार गल्ल्यांतले सगळे म्हातारे तुला बाईच म्हणतात. मी एकटाच मागे कशाला राहू?

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू 'हो' आणि 'बरं' याच्या पुढे जात नाहीस, आणि लेक फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडत बसते. माझ्या संसाराच्या गोष्टी जावयाने जेवता जेवता ऐकाव्यात अशी माझी इच्छा नाही. पत्र निदान तू एकटी वाचशील.

इकडे सगळं ठीक आहे. भात जमतो, तळाचा थर सोडला तर. दूध उतू जात नाही. काल गेलं, पण ते बेल वाजली म्हणून. तुझ्या कुंड्यांना पाणी घालतो. कोपऱ्यातली कुंडी वाळली, ती मुळात नाजूकच होती.

आता मुद्द्याचं. लेकीचा पाय मोडला म्हणून तू पंधरा दिवसांसाठी गेलीस. प्लास्टर निघालं, ती काठीशिवाय चालते, असं जावई स्वतः म्हणाले. मग घोडं पेंड खातंय कुठे? तू मोठी बॅग काढलीस तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. कधी येशील विचारलं तर 'बघू' म्हणालीस. नोकरीत असताना हे 'बघू' मी दुकानदारांना रोज ऐकवायचो. त्याचा अर्थ काय असतो ते मला चांगलं ठाऊक आहे. येणार नसशील तर तसं सांग, मला असं टांगून ठेवू नकोस.

आणि सगळं त्या दिवसावरून चाललं असेल, तर माझीही बाजू ऐक. तुझा खुर्चीवरच्या योगासनांचा वर्ग भरतो त्या हॉलवर मी आलो तो तुझा राहिलेला चष्मा द्यायला. दारात उभा होतो. म्हातारे खुर्च्यांत बसून हात वर करून होते आणि तू मधून फिरत होतीस. नर्सबाईंच्या कोपराला एक बोट लावलंस. दोघी जावांच्या पाठींवर नुसती थाप. आणि त्या शिंप्याच्या खांद्यावर तळहात ठेवलास, तो ठेवूनच दिलास. मी जन्मभर वजनमापांचा तपासनीस होतो. कुणाच्या पारड्यात किती पडलं ते मला लांबूनही दिसतं. मी फक्त एक प्रश्न विचारला, की मास्तरांचा खांदा रोजच दुखतो का. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. सगळा वर्ग हात तसेच वर ठेवून माझ्याकडे बघत राहिला, त्याला मी काय करू?

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि त्याच आठवड्यात लेकीचा पाय मोडला. तो खरंच मोडला होता हे मी एक्स-रे बघून मान्य केलेलं आहे.

पण जाताना हॉलची किल्ली तू शिंप्याला दिलीस, हे मला काल वाण्याकडून कळलं. घरात नवरा असताना किल्ली परक्याकडे. शाळेत एक दिवस न शिकवलेल्या माणसाला लोक मास्तर म्हणतात, आणि आता तर तो तुझा वर्गही घेतो म्हणे.

उद्यापासून मीही वर्गाला जाणार आहे. करायला नाही, बघायला.

तुझा, अजून तरी.


१३ फेब्रुवारी

बाईंना,

चार दिवस झाले जातोय. पहिले दोन दिवस दाराजवळ उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी नर्सबाई म्हणाल्या, उभं राहून आमची हजेरी घेताय का, बसा. नोकरीतून निवृत्त होऊनही त्या बाईचा वॉर्डातला आवाज गेलेला नाही. मी बसलो.

बसल्यावर लक्षात आलं की खुर्च्यांना हात नाहीत. मी म्हटलं, म्हाताऱ्यांना हाताच्या खुर्च्या नकोत का? तर धाकटी जाऊ म्हणाली, हात असले की माणूस त्यांच्यावर भार टाकतो आणि पाठ झोपते, बाईंनी मुद्दाम बिनहाताच्या मागवल्या. मोठ्या जाऊबाईंचे पाय जमिनीला पोचत नाहीत म्हणून त्यांच्या पायांखाली घडी घातलेलं कांबळं असतं. ते कांबळं आपल्या माळ्यावरचं आहे. मी ते वर्षभर शोधत होतो.

शिंपी तुझ्या खुर्चीवर बसतो. बसू दे. पण तो शिकवतो कसा ते ऐक. 'श्वास घेत उजवा हात वर' असं म्हणतो आणि स्वतः डावा उचलतो. मला वाटलं, चुकला असेल बिचारा. मग 'डावा पाय पुढे' म्हणाला आणि उजवा पुढे काढला. पुन्हा तेच झालं तेव्हा मला राहवेना. मी उठलो आणि म्हणालो, "मास्तर, तुमचं माप चुकतंय. बोलता एक आणि दाखवता दुसरं." मला वाटलं, आता सगळ्यांच्या लक्षात येईल की किल्ली कुणाच्या हातात दिली आहे.

सगळे हसले. दोघी जावा तर एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. शिंपी तेवढा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

नर्सबाईंनी मग समजावलं. समोर बसून शिकवणाऱ्याने आरसा व्हायचं असतं. म्हातारी माणसं ऐकत नाहीत, बघून करतात, आणि हात-पायांचा घोळ झाला की खुर्चीवरून कलंडतात. म्हणून बाई उलट्या बाजूने दाखवायच्या. आणि वर मला विचारतात, "बाईंनी त्यासाठी घरी आरशासमोर किती सराव केला. तुम्ही बघितला नाहीत?"

बघितला होता ना. तेच तर. तू दार लोटून, कपाटाच्या आरशासमोर खुर्ची ओढून बसायचीस. मान इकडे, मान तिकडे, हात वर, तोंडाने पुटपुट. साठी उलटलेली बाई इतका वेळ आरशात बघतेय, ती कुणासाठी? मला दुसरं काही सुचलंच नाही. तेव्हा मी पावडरीवरून काहीतरी बोललो होतो, आणि तू आरशावर टॉवेल टाकलास. मला वाटलं, वर्मी लागलं.

सांगायचंस की. 'अहो, सराव करतेय' एवढं म्हणायला काय झालं असतं? मी समोर बसलो असतो तुझ्या. आरशाची गरजच पडली नसती.

आणि आता खरं खरं सांग. शिंपी हे उलटं दाखवणं कुणासमोर बसून शिकला? हा काही एका दिवसात जमणारा प्रकार नाही. मी घरी करून बघितला, पाणी भरलेला तांब्या आडवा झाला. म्हणजे तू त्याच्यासमोर बसलीस. किती दिवस? कुठे? हॉलमध्ये आणखी कोण होतं?

उत्तर नाही दिलंस तरी मी समजायचं ते समजेन.

तुझा नवरा.


२१ फेब्रुवारी

बाई,

आज मला झालेला संताप कागदावर मावणार नाही, तरी लिहितो.

आज शिंपी म्हणाला, "आता तपासनीस." मला वाटलं मलाच हाक मारली. मी 'काय' म्हणालो, पण कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांनी डावा हात उजव्या गुडघ्यावर ठेवला, उजवा हात मागे खुर्चीच्या पाठीला धरला, कंबरेतून वळले, हनुवटी उचलली आणि एक भुवई वर करून आपापल्या खांद्यावरून मागे बघायला लागले. जणू मागच्या फळीवर कुणी खोटं वजन लपवलंय. धाकटी जाऊ तर नाकही फुगवत होती. तसेच राहून सगळ्यांनी तीन श्वास घेतले.

मी विचारलं, हे काय आहे? शिंपी आपल्या गुडघ्यांकडे बघायला लागला. शेवटी नर्सबाईच म्हणाल्या, "हे तुमचंच आहे. बाईंनी बसवलंय. पाठीला फार चांगलं."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण मग एकेक बाहेर यायला लागलं. 'चष्मा' म्हणजे छातीचा खिसा चाचपायचा, मग कंबर, मग डोकं. त्याने खांदे मोकळे होतात. 'पातेलं' म्हणजे वरच्या फळीवरून काढल्यासारखे हात वर न्यायचे आणि मोठा सुस्कारा टाकायचा, घरातल्यांना ऐकू जाईल असा. 'रुसवा' म्हणजे हातांची घडी घालून, मान एका बाजूला फिरवून बसायचं. मग दुसऱ्या बाजूला, कारण बाई म्हणायच्या की ते दोन्हीकडे रुसतात. आणि 'बेल वाजली'. खुर्चीतून अर्धवट उठायचं आणि पुन्हा बसायचं, कारण दार दुसरं कुणीतरी उघडेल. मांड्यांसाठी उत्तम, असं मोठ्या जाऊबाईंनी मला सांगितलं. त्यांचा गुडघा माझ्यामुळे बरा झाला म्हणे.

म्हणजे मी घरी बसून पेपर वाचत होतो, आणि तिकडे हॉलभर म्हातारे रोज सकाळी मला करून दाखवत होते. माझा रुसवा, माझा सुस्कारा, सगळं वाटून टाकलंस. मला विचारलंस? दुकानदारांनी मला पाठीमागे काय काय म्हटलं असेल, पण कुणी माझी कवायत केली नव्हती.

तडक निघून आलो. रस्त्यात दोन माणसांच्या अंगावर आदळलो.

पण घरी येऊन चहा केला (उतू गेला) आणि बसलो, तेव्हा दुसरंच डोक्यात आलं. मी परत हॉलवर गेलो. नर्सबाई खुर्च्या भिंतीला लावत होत्या. त्यांना विचारलं की इतरांच्या नावाची काही आसनं आहेत का. 'शिंपी' वगैरे. त्या म्हणाल्या, नाही, सगळी तुमचीच.

मला बरं वाटलं. का, ते विचारू नकोस.

एक मात्र विचारतो. तू हे कधी बघितलंस? बेल वाजली की मी अर्धा उठतो हे मला स्वतःला माहीत नव्हतं. आज संध्याकाळी बेल वाजली तेव्हा मी तसाच अर्धा उठलो, आणि घरात दुसरं कुणी नाही हे आठवायला मला वेळ लागला. इतकी वर्षं मला वाटायचं, या घरात बारीक नजर फक्त माझी आहे.

दार उघडलं तर इस्त्रीवाला होता.


४ मार्च

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे दोन ओळी. 'खुर्चीत रेलून बसू नका, पुढच्या अर्ध्या भागात बसा. पाय पूर्ण टेकवा.' खाली नाव नाही, काही नाही. तरी मी ते बरेचदा वाचलं. शेवटी एवढंच हाती लागलं की मी रेलून बसतो हे तुला तिथे बसून कळलंय.

कसं कळलं?

हा प्रश्न डोक्यात घेऊन आज वर्गाला गेलो. (हल्ली मीही हात-पाय हलवतो, नुसतं बघत बसवत नाही.) शिंप्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, की मास्तर, तुम्हालाही बाईंचं पत्र आलं का. तो म्हणाला, "नाही साहेब, मला फोन येतो." उद्या सोमवार आहे असं सांगावं तसं म्हणाला. दर रविवारी सकाळी. नर्सबाईंनी मागून पुस्ती जोडली की बराच वेळ चालतो.

आता मी काहीच आडून बोलत नाही. मी जळतोय. लेकीच्या वयाच्या बाईने मला हेच येऊन सांगितलं असतं तर मी तिला म्हटलं असतं, संशयाने घर जळतं, डोकं थंड ठेव. पण मला दर रविवारी रात्री 'हो' आणि 'बरं' मिळतं, आणि त्याच दिवशी सकाळी त्या माणसाशी तू भरभरून बोलतेस. जे सांगण्यासारखं असतं ते सकाळी संपतं, आणि माझ्या वाट्याला उरलंसुरलं येतं. माझ्या पोटात दुखतंय, आणि ते तुझ्या कुठल्याही आसनाने जाणार नाही.

तू म्हणशील, या वयात? हो, या वयात. तरुणपणी मला वेळ नव्हता. तेव्हा मी बाहेरच्यांचे तराजू बघत होतो.

येत्या रविवारी मी त्याच्या घरी जाणार आहे. फोन येईल तेव्हा तिथेच असेन. मग जे काय आहे ते तोंडावर होऊन जाऊ दे.


९ मार्च, रविवार, संध्याकाळ

गेलो होतो. ते तुला कळलं आहेच, कारण फोनवर तूच होतीस. पण तुला निम्मंच ऐकू आलं, म्हणून सगळं लिहितो.

एका खोलीचं घर. खिडकीपाशी शिलाई मशीन, त्यावर स्वच्छ कापड. भिंतीला उंच दांडी, तिला इस्त्री केलेले चार शर्ट. टेबलावर एक कप, एक ताटली. मी आलेला पाहून तो गडबडला, मग त्याने माझ्यासाठी शेजारून कप मागून आणला. मी बसलो. पुढच्या अर्ध्या भागातच बसलो होतो, रागाने.

फोन आला. मला वाटलं, आता हा गॅलरीत जाईल. गेला नाही. माझ्यासमोर बसून बोलला. हो बाई. नाही बाई. मोठ्या जाऊबाईंचा गुडघा बरा आहे. पोस्टमन काका दोन दिवस वर्गाला आले नाहीत. मग म्हणाला, साहेब आलेत इथे, देऊ का. आणि तू ठेवलास. तो फोन हातात धरून तसाच बसला. माझ्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

मी विचारलं, ही माझ्याबद्दल काय काय विचारते तुम्हाला.

"विचारत नाहीत," तो म्हणाला. "मीच सांगतो आपणहून. तुम्ही रेलून बसता, परवा तुम्ही पूर्ण वाकलात, असं. त्या ऐकून घेतात. फोन ठेवत नाहीत."

खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. मी चहा प्यायलो. मग त्याने माझी समजूत काढायला म्हणून सांगितलं की बाईंना तिकडे फार चांगला हॉल मिळालाय, खिडक्या मोठ्या, आणि आता तिथला वर्ग कायमचाच सुरू झाल्यामुळे इथलं आपल्यालाच बघायला लागणार. एवढी मोठी जबाबदारी आपल्याला झेपेल का, असं तो मला विचारत होता. मला ठाऊकच असणार, असं धरून चालला होता.

मी मान हलवली. ठाऊक असल्यासारखी. खुर्च्यांचं सांगितलं, त्याने किती मागवाव्यात वगैरे. तू येणार नाहीस, हे मला शिंप्याच्या घरात, शेजाऱ्याच्या कपातून चहा पिताना कळलं. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. नर्सबाईंना ठाऊक होतं. म्हणून त्या मला इतक्यात टोमणे मारेनाशा झाल्या होत्या.

मग माझा तोल गेला. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी हळू विचारला. मास्तर, तुमचा खांदा रोजच दुखतो का?

तो उठला. दांडीवर एक शर्ट तिरका लटकला होता, तो त्याने सरळ केला. हात पूर्ण वर गेला, सरळ, कुठे अडकला नाही. तसाच उभा राहून, माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "खांदा कधीच बरा झालाय, साहेब. वर्ष झालं असेल."

"मग?"

"बायको गेल्यापासून कुणाचा हात लागत नाही अंगाला. न्हाव्याचा लागतो तेवढाच."

मी विचारलं, हिला माहीत होतं का. तो म्हणाला, ज्या आठवड्यात बरा झाला त्याच आठवड्यात तिने ओळखलं. शर्ट आता दोन्हीकडे सारखा बसतोय मास्तर, असं म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा हात ठेवला.

म्हणजे माझं बरोबर होतं. हे मी तुला ठासून सांगतो. सगळा वर्ग मला हसला, तू घर सोडून गेलीस, पण त्या खांद्यात खोट होती आणि मी ती दारातून पकडली. नोकरीत असं एखादं मोठं प्रकरण सापडलं की मी घरी येताना मिठाई आणायचो. आज वाटेत दुकान उघडं होतं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि तसाच घरी आलो.

जेवलो नाही. भूक नव्हती, असं समज.


१४ मार्च

मोठ्या खिडक्यांच्या हॉलवाल्या बाईंना,

रविवारनंतर मी दोन दिवस वर्गाला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी नर्सबाई दारात. मला ताप आहे का ते बघायला आल्या होत्या. ताप नाही कळल्यावर म्हणाल्या, मग उठा. बेल वाजवली तेव्हा तुम्ही अर्धे उठलाच असाल, आता पूर्ण उठा. मी उठलो.

आज काय झालं ते सांगतो, आणि मग मला एक विचारायचं आहे.

मास्तर हल्ली मधून फिरून सगळ्यांचं नीट करतात. तुझ्यासारखंच. (मी 'मास्तर' लिहिलं आणि 'ते' लिहिलं, ते तुझ्या लक्षात आलं असेल. मोठं काही समजू नकोस, तोंडात बसलंय.) हात वर धरायचे होते. ते नर्सबाईंकडे गेले, कोपर सरळ केलं. धाकट्या जाऊची मान सरळ केली. मोठ्या जाऊबाईंच्या पायाखालचं कांबळं सरकवलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून थांबले, त्यांचा श्वास होईपर्यंत. मग माझ्याजवळ आले, आणि मला वळसा घालून पुढे गेले.

मला वाटलं, माझं बरोबर असेल. पुढच्या वेळी मी मुद्दाम खांदा कानाला लावला. आंधळ्यालाही दिसावं इतका वाकडा. ते आले, त्यांनी बघितलं, पुढे गेले. पोस्टमन काकांच्या मनगटाला हात लावला. मग माझ्या लक्षात आलं की पहिल्या दिवसापासून असंच चाललंय. त्या माणसाने मला एकदाही हात लावलेला नाही. मी दारात जो प्रश्न विचारला होता, त्यानंतर तो लावेल तरी कसा?

आणि तुला सांगतो, मला हेवा वाटला. नर्सबाईंचा वाटला, दोघी जावांचा वाटला, त्या पोस्टमनच्या मनगटाचा वाटला. सगळ्यांना मिळालं आणि मला नाही, असं पंगतीत पान चुकलेल्या माणसाला वाटतं तसं वाटलं. मी सत्तरीचा माणूस हात वर करून बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायची वेळ आली होती. माझ्या अंगाला शेवटचा हात कुणाचा लागला, ते मी आठवायला लागलो. तू बॅग उचलून निघालीस तेव्हा मी ती घ्यायला पुढे झालो, आणि तू ती दुसऱ्या हातात घेतलीस. त्याच्याही आधी कधी, ते मला आठवलं नाही.

मी म्हणालो, "मास्तर, माझं चुकतंय."

वर्ग थांबला. ते परत आले. माझ्या मागे उभे राहिले, मग खांद्यावर हात ठेवला. शिंप्याचा हात, बोटाला सुईचे घट्टे. काही दाबलं नाही, काही सरळ केलं नाही. नुसता ठेवला. माझा खांदा आपोआप खाली आला. मला आणखी थोडा वेळ चाललं असतं. पण रांगेत माझ्या पुढेही माणसं होती.

तर आता माझं म्हणणं.

आजवर मी तुला लिहिलं की ये, कारण किल्ली, कारण वर्ग, कारण लोक काय म्हणतील. ती सगळी कारणं आता संपली. मास्तर चांगलं शिकवतात, तू आणखी वर्षभर आली नाहीस तरी कुणी कलंडणार नाही. भात मला येतो. दूधही येईल. इथे कुणाचंच तुझ्यावाचून अडलेलं नाही. तिकडे मात्र तुझा हॉल आहे, तुझी माणसं आहेत, आणि मी त्यांचाही द्वेष करतो, एकेकाचा, न बघता. तू त्यांच्यात फिरत असशील आणि मी इथे असेन, हे मला सहन होत नाही. ते सहन व्हावं म्हणून मी तुला परत बोलावणार नाही.

तू येऊ नकोस. मी येऊ का?

लेकीच्या घरी राहणार नाही, जवळच खोली बघेन. तू माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. फक्त सकाळी वर्गात बसू दे. मी तुझा नवरा आहे हे कुणाला सांगू नकोस. आसनांची नावंही बदलू नकोस, 'रुसवा' मी इतरांपेक्षा चांगला करतो. खुर्ची अगदी मागच्या रांगेत दे. तू एकेकाजवळ जाशील, कुणाचं कोपर धरशील, कुणाच्या पाठीवर हात ठेवशील, ते मी बघेन आणि जळेन, पण प्रश्न विचारणार नाही.

फक्त सगळ्यांचं झालं की मागे ये. मी चुकीचाच बसलेलो असेन.